कतार डिजिटल लायब्ररी आणि शेजारची दालनं: सोलापुरात बसून अरबी-फारसी हस्तलिखितं पाहणाऱ्यांसाठी परीक्षण

सोलापूरपासून विजापूर शंभरेक किलोमीटरवर आहे. पण तिथल्या आसार महालात जपलेली अरबी हस्तलिखितं पाहायची असतील तर विजापूरची एसटी पकडून उपयोग नाही. ती १८५३ मध्येच लंडनला ईस्ट इंडिया कंपनीच्या ग्रंथालयात गेली आणि आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. दिल्लीच्या बादशाही ग्रंथालयात जे उरलं होतं ते सरकारने १८५९ मध्ये विकत घेतलं आणि १८७६ मध्ये तेही लंडनला पोचलं. म्हणजे जवळचं पाहायलाही परदेशी संकेतस्थळ उघडावं लागतं. ते उघडलंच आहे तर इराक, सीरिया, इजिप्त, इराण इथलं साहित्यही एका टिचकीवर आहे.

सोलापुरात उर्दू माध्यमात शिकलेले पुष्कळ आहेत, मोडीचे वर्ग केलेले आहेत, विद्यापीठात इतिहास शिकणारे आहेत. या तिघांना डोळ्यांसमोर ठेवून हे परीक्षण लिहिलं आहे. निकाल आधीच सांगून टाकतो: सुरुवात कतार डिजिटल लायब्ररीपासून करावी. तिचे फोटो इतरांपेक्षा चांगले आहेत असं नाही, फोटो आता सगळीकडेच चांगले असतात. फरक पडतो तो नोंदीने. ग्रंथ कोणता, कर्ता कोण, कुठल्या पत्रावर (पोथीच्या दोन बाजूंच्या पानावर) काय सुरू होतं, लेखनिक कोण, तारीख कुठे लिहिली आहे, हे ज्या दालनात (संकेतस्थळावर) नीट सांगितलेलं असतं तिथे नवखा माणूस टिकतो. नुसते चारशे सुंदर फोटो दिले की तो दहाव्या फोटोला खिडकी बंद करतो.

कतार डिजिटल लायब्ररी ही कतार फाउंडेशन, कतारचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि ब्रिटिश लायब्ररी यांची भागीदारी. ऑक्टोबर २०१४ मध्ये ती खुली झाली. नोंदणी नाही, पैसे नाहीत. पडदा इंग्रजी किंवा अरबीत दिसतो. उर्दू-फारसीची सोय नाही. आत दोन अगदी वेगळे साठे एकत्र आहेत. एक, आखाती देशांविषयीची इंडिया ऑफिसची, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या खात्याची, कागदपत्रं. इराणच्या किनाऱ्यावरची बुशहरची ब्रिटिश रेसिडेन्सी (ब्रिटिश प्रतिनिधीची कचेरी) १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होती, त्यामुळे यात मुंबईचा पत्रव्यवहार खच्चून भरला आहे. दुसरा, अरबी विज्ञानग्रंथांची हस्तलिखितं: गणित, खगोल, वैद्यक, यंत्रविद्या. पहिला साठा आकाराने इतका मोठा आहे की मुखपृष्ठावर साधा शोध घेतला तर इंग्रजी फायलींचा ढीग अंगावर येतो. म्हणून आधी बाजूच्या चाळण्यांत (फिल्टरमध्ये) साहित्याचा प्रकार निवडून हस्तलिखितांपुरतं मर्यादित करावं आणि मगच नाव टाकावं. नाव अरबी वळणाने टाकावं. ‘अव्हिसेना’ने जे सुटतं ते ‘इब्न सीना’ने सापडतं. उर्दू टंकन येत असेल तर अरबी पडद्यावर जाऊन अरबी लिपीत शोधणं सगळ्यात भरवशाचं. मात्र उर्दू कळफलकावरचे ‘काफ’ आणि ‘ये’ अरबी कळफलकावरच्या अक्षरांसारखे दिसले तरी संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरं आहेत. शोध रिकामा आला की आधी कळफलक अरबीवर टाकून पाहावा.

प्रत्येक फोटोच्या वर दोन आकडे असतात. चौकटी कंसात पत्राचा क्रमांक आणि पुढे ‘आर’ किंवा ‘व्ही’. गोल कंसात एकूण फोटोंपैकी कितवा फोटो. टिपणात उतरवायचा तो पहिला. फोटोचा क्रमांक बांधणीची पुठ्ठी आणि कोरी पानं धरून चालतो, त्यामुळे तो दिला तर दुसऱ्याला पान सापडत नाही. ‘आर’ म्हणजे पत्राची पुढची बाजू, ‘व्ही’ म्हणजे मागची. पोथी उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे उघड्या ग्रंथात डाव्या हाताला दिसते ती पुढची बाजू आणि उजव्या हाताला आधीच्या पत्राची मागची. इंग्रजी पुस्तकाच्या सवयीने इथे हमखास उलटं लिहिलं जातं. पानं क्रमाने आहेत का हे तपासायला मागच्या बाजूचा तळ पाहावा. तिथे कोपऱ्यात तिरका एकच शब्द असतो, तोच पुढच्या पत्राचा पहिला शब्द असायला हवा. जुळला नाही तर पत्र गहाळ आहे किंवा बांधणाऱ्याने क्रम बिघडवला आहे.

या दालनाची मोठी उणीव म्हणजे अरबी हस्तलिखितांच्या मजकुराचं टंकित रूप मिळत नाही. छापील आणि टंकलेखित इंग्रजी कागदांना यंत्राने काढलेला मजकूर सोबत असतो, पण पोथीला नाही. तिथे तुम्ही आणि अक्षर एवढंच. दुसरी उणीव म्हणजे फारसी जवळजवळ नाही. आदिलशाहीचा फारसी इतिहास इथे शोधू नये.

मग पहिली पोथी कोणती घ्यावी? आमच्या मते इराणी गणिती नसीरुद्दीन तूसीने तेराव्या शतकात अरबीत नव्याने मांडलेली युक्लिडची भूमिती. ब्रिटिश लायब्ररीत तिची १२५८ मधली एक प्रत आहे. भूमितीचा फायदा असा की आकृती मजकूर सांगून टाकते. आकृतीतले बिंदू अलिफ, बे, जीम, दाल या अबजद क्रमाने (अरबी अक्षरांच्या जुन्या क्रमाने) असतात, तेवढी अक्षरं ओळखली की ओळीत तीच अक्षरं पुन्हा दिसायला लागतात आणि वाक्याचा सांगाडा हाती लागतो. शिवाय याच तूसीच्या ग्रंथावरून जगन्नाथ सम्राट या पंडिताने जयपूरच्या सवाई जयसिंगासाठी अठराव्या शतकात संस्कृत ‘रेखागणित’ रचलं, आणि ते देवनागरीत छापून उपलब्ध आहे. एका बाजूला पोथीचा फोटो, दुसऱ्या बाजूला संस्कृत प्रमेय. मराठी वाचकाला याहून चांगली कुंजी मिळणार नाही.

आता तारखेचं. पोथी उघडली की आधी शेवटच्या पानावर जावं. मजकूर निमुळता होत त्रिकोणासारखा संपतो, ‘तम्मत’ असा शब्द येतो आणि तिथे लेखनिकाचं नाव, गाव, तारीख असते. याला तरकीमा म्हणतात. साल बहुतेक वेळा आकड्यात नाही तर अरबी शब्दांत असतं, एकंपासून सुरू होऊन शतकाकडे जाणारं. इथे मोडीवाल्यांची चांदी आहे. पेशवे दप्तरातल्या कागदांवर ‘इहिदे, इसन्ने, सलास, आर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा’ हे वाचून ज्यांचे डोळे तयार झाले आहेत, त्यांना अशरीन, सलासीन, सबैन, मया, अलफ वेगळं शिकावं लागत नाही. शब्द तेच, फक्त लिपी बदलली.

पण गणित तेच नाही, आणि चूक इथेच होते. दप्तरातला सुहूर सन सौर आहे. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. पश्चिम आशियातल्या पोथीत हिजरी सन असतो, तो चांद्र. त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवावेत. ‘समान सबैन तिसा मया’ म्हणजे ९७८. दप्तरी सवयीने ५९९ मिळवले तर १५७७ येतं. हिजरी धरलं तर ९७८ गुणिले ०.९७ म्हणजे ९४८.६६, अधिक ६२२, म्हणजे १५७०. सात वर्षांचा घोळ. सूत्राने एखाद्या वर्षाचा फरक राहू शकतो. महिना दिला असेल तर तक्त्यातून नेमकी तारीख काढावी.

दुसरा सापळा नुक्त्यांचा, म्हणजे अक्षरांवरच्या-खालच्या ठिपक्यांचा. घाईने लिहिणारे लेखनिक नुक्ते देत नाहीत. नुक्त्यांविना अरबीतले ‘सबा’ आणि ‘तिसा’ हुबेहूब सारखे दिसतात, कारण दोन्हींत चार दाते आणि शेवटी ऐन. तसेच सत्तर आणि नव्वद. तरकीम्यात वार दिला असेल तर सुटका होते: अहद रविवार, इसनैन सोमवार, सुलासा मंगळवार, अर्बिआ बुधवार, खमीस गुरुवार, जुमा शुक्रवार, सब्त शनिवार. दोन्ही सालं तक्त्यात टाकून कुठल्या सालात तो वार त्या तारखेला येतो ते पाहावं. चंद्रदर्शनामुळे एका दिवसाचा फरक क्षम्य धरावा, तीन दिवसांचा नाही.

आकड्यांतही देवनागरी डोळा फसतो. अरबी पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. अरबी चार आपल्या सहाची आठवण करून देतो, आणि अरबी सहा इंग्रजी सातासारखा दिसतो. पत्रक्रमांक वाचताना हे चार आकडे कागदावर लिहून समोर ठेवावेत. खगोलाच्या कोष्टकांत तर आकडे नसतातच, अबजद अक्षरंच असतात आणि मोजणी साठाच्या पटीत.

उर्दू शिकलेल्यांनी नस्तालीकच्या (उर्दूत रूढ असलेल्या तिरक्या वळणाच्या) सवयीने लगेच फारसी पोथीत उडी घेऊ नये. आधी नस्ख लिपीतली अरबी पोथी घ्यावी, ती कुराणाच्या छापील अक्षराला जवळची असते. फारसी पोथ्यांत ‘गाफ’ला अनेकदा ‘काफ’सारखी एकच रेघ असते, ‘पे’ आणि ‘चे’ला तीनऐवजी एक नुक्ता. मोरोक्कोकडच्या मगरिबी लिपीत ‘फे’चा नुक्ता खाली जातो आणि ‘काफ’चा (‘कुराण’ या शब्दातल्या ‘क’चा) वर एकच राहतो. म्हणजे जे अक्षर तुम्ही ‘फे’ म्हणून वाचता ते ‘काफ’ निघतं. पहिल्या वर्षी मगरिबी पोथ्यांना हात लावू नये, हे उत्तम.

फोटोत दिसणाऱ्या खुणा ओळखता आल्या की निम्मं काम हलकं होतं. समासात ‘सह्ह’ असं बारीक लिहिलेलं असेल तर तो सुटलेला आणि नंतर भरलेला मजकूर आहे, टीका नव्हे. ओळीत जिथे वाकडी रेघ दिसते तिथे तो घालून वाचायचा. समासातला ‘बलग’ म्हणजे इथवर मूळ प्रतीशी ताडून पाहिलं. असे ‘बलग’ जागोजाग असतील तर ती प्रत भरवशाची. शाईचाही विचार हवा. काजळीची शाई पाण्याने पुसट होते, तर मायफळ आणि हिराकसाची शाई कागद खाते, अक्षराच्या जागी भोक पडतं आणि मागच्या पानाचं अक्षर त्यातून डोकावतं. हिरवा जंगाल रंग चौकटीच्या रेघेवर वापरला असेल तर पान रेघेवर चिरतं. वाळवीची किंवा किड्यांची भोकं फोटोत काळी दिसतात आणि नुक्ता म्हणून वाचली जातात. शेजारच्या दोन पानांवर त्याच जागी ठिपका असेल तर तो किडा. काही पोथ्यांच्या सुरुवातीला ‘या कबीकज’ अशी आळवणी असते, किड्यांपासून रक्षणासाठी. आळवणी असलेलं पानही पोखरलेलं असतं, हा भाग निराळा.

मुघल ग्रंथालयातून गेलेल्या प्रतींच्या पहिल्या पानावर मोहरा आणि ‘अर्ज दीदा’ अशा तपासणीच्या नोंदी असतात. पुस्तक कोणाच्या हातातून गेलं ते इथे कळतं, म्हणून नवखे ज्याला कोरं पान समजून पुढे सरकवतात ते पान सर्वात मोठं करून पाहावं.

आता शेजारची दालनं. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या सेंट जॉन्स विद्यापीठातली हिल म्युझियम अँड मॅन्युस्क्रिप्ट लायब्ररी रुंदीत सगळ्यांना मागे टाकते: सिरियाक (पश्चिम आशियातल्या ख्रिस्ती समाजांची जुनी भाषा), अरबी, आर्मेनियन, इथिओपियाची गीझ, आणि आपल्या केरळातल्या ख्रिस्ती संग्रहांतलं सिरियाकही. इथे फुकट नोंदणी करावी लागते. त्याशिवाय पुष्कळशा पोथ्या उघडत नाहीत. मूळ मालकी त्या त्या चर्च आणि मठांची असल्याने सरसकट डाउनलोड मिळत नाही, छापण्यासाठी परवानगी मागावी लागते. हे जाचक वाटलं तरी रास्त आहे. इराकमधल्या ख्रिस्ती संग्रहांचं चित्रण करणारे फादर नजीब मिखाईल यांनी २०१४ मध्ये मोसुलच्या परिसरातून हस्तलिखितं एर्बिलला हलवली. जे हलवता आलं नाही त्यातल्या काहींचे आता फोटोच उरले आहेत. नोंदींचा दर्जा मात्र एकसारखा नाही. काही पोथ्यांचं वर्णन सविस्तर, काहींचं दोन ओळींत. सिरियाकच्या तीन लिप्या आहेत, एस्त्रांगेला, सेर्तो आणि पूर्वेची. शिकायला एस्त्रांगेला घ्यावी, तिची अक्षरं सुटी-सुटी दिसतात. याच संस्थेचे लिपी शिकवणारे धडेही फुकट आहेत, आणि ते खरोखर चांगले आहेत.

डाउनलोडसाठी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं गॅलिका. पूर्ण पोथी पीडीएफमध्ये उतरवता येते. पडदा फ्रेंच असतो, इंग्रजी करता येतो. अरबी ग्रंथांच्या नोंदी मात्र बहुधा फ्रेंचच. क्रमांक माहीत असेल तर सरळ तोच टाकावा. ‘अरब ५८४७’ ही हरीरीच्या ‘मकामात’ या अरबी कथाग्रंथाची, वासिती या लेखनिक-चित्रकाराने १२३७ मध्ये लिहून रंगवलेली प्रत. ‘अरब ३४६५’ म्हणजे ‘कलीला व दिम्ना’, तेराव्या शतकातली सचित्र प्रत. कलीला आणि दिम्ना हे पंचतंत्रातले करटक आणि दमनक. सहाव्या शतकात इराणचा बादशहा खुस्रो अनुशिरवानच्या काळात बुर्झोयने पंचतंत्र पहलवीत (इस्लामपूर्व इराणच्या भाषेत) नेलं आणि आठव्या शतकात इब्न मुकफ्फाने ते अरबीत आणलं. गोष्ट आधीच पाठ असल्यामुळे चित्र पाहून कथा ओळखता येते आणि मग चित्राच्या वरची-खालची ओळ लावता येते. युक्लिडनंतर दुसरी पोथी हीच घ्यावी. बिगर-व्यावसायिक वापर मोफत. व्यावसायिक वापर करायचा असेल तर शुल्क आणि परवाना.

बाल्टिमोरचं वॉल्टर्स म्युझियम याबाबत सर्वात उदार. मोठ्या आकाराच्या मूळ प्रतिमाही मोकळ्या परवान्यावर मिळतात. ऑटोमन दर्यावर्दी पिरी रईसच्या सागरी नकाशांची ‘डब्ल्यू ६५८’ ही प्रत नकाशांच्या शौकिनांनी पाहावी.

केंब्रिजच्या डिजिटल लायब्ररीत कैरोच्या गेनिझातले तुकडे आहेत. तिथल्या सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनास्थळाच्या) अडगळीतून सॉलोमन शेख्टर यांनी १८९६-९७ मध्ये आणलेला हा साठा. भाषा अरबी पण लिपी हिब्रू, त्यामुळे उर्दूवाल्यांनाही अक्षर नवं. तरी आपल्याकडच्यांनी हे टाळू नये, कारण बाराव्या शतकात मंगळूरला राहून व्यापार करणाऱ्या अब्राहम बिन यिजूची पत्रं, हिशेब यात आहेत. मिरी, सुपारी, लोखंड, पितळेची भांडी, बुडालेली जहाजं. नुसता केंब्रिजचा फोटो उघडून काही कळणार नाही. प्रिन्स्टनच्या गेनिझा प्रकल्पाचं पान शेजारच्या खिडकीत ठेवावं. तिथे तुकड्याचं वर्णन, अनेकांचा टंकित मजकूर आणि काहींचा इंग्रजी अनुवाद आहे. फोटो एकाचा आणि नोंद दुसऱ्याची, ही जोडी अभ्यासाला सर्वात उपयोगी.

मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या प्राचीन ज्यू गुंडाळ्यांचं इस्रायलचं दालन २०१२ पासून आहे. बारा तरंगलांबींत घेतलेले फोटो, अवरक्त किरणांत काळं चामडं उजळून शाई दिसते. पाहण्यासारखं आहे, अभ्यासाला मात्र प्राचीन हिब्रू-अरामाईक आल्याशिवाय हात घालू नये.

दोन दालनांतल्या प्रती शेजारी ठेवून ताडायच्या असतील तर ट्रिपल-आय-एफ हे मानक शोधावं. पोथीच्या पानावर त्याचं चिन्ह किंवा ‘मॅनिफेस्ट’ असा दुवा असतो. तो दुवा मिराडोर या मोफत व्ह्यूअरमध्ये टाकला की लंडनची आणि पॅरिसची पोथी एकाच पडद्यावर उघडते, फोटो उतरवून न घेता. मोबाइलवर हे जमत नाही. मोठा पडदा आणि स्थिर नेट लागतं. झूम केल्यावर फोटो तुकड्यातुकड्याने येतो, मंद नेटवर मधले तुकडे धूसर राहतात आणि धूसर तुकड्यातले नुक्ते मोजू नयेत.

छापून वाचणाऱ्यांनी उतरवलेल्या फोटोची पिक्सेल-संख्या आधी पाहावी. ए-फोर कागदावर इंचाला ३०० ठिपक्यांनी नीट छपाई हवी तर २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात, ए-थ्रीला ३५०८ गुणिले ४९६१. त्याहून लहान फोटो घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलात तर रंगीत प्रिंटचे पैसे जातील आणि नुक्ते एकमेकांत मिसळलेले मिळतील. कृष्णधवल प्रिंट काढूच नये: शीर्षकं आणि संख्या हिंगुळाच्या लाल शाईत असतात, त्या करड्या होऊन मजकुरात हरवतात.

यंत्राकडून वाचून घेण्याचा मोह अनेकांना होतो. ट्रान्सक्रिबस आणि ई-स्क्रिप्टोरियम ही दोन साधनं अरबी लिपी वाचतात, पण ज्या हस्ताक्षरावर शिकवलं त्याच्याजवळचं अक्षर असेल तरच. आधी काही पानं स्वतः टंकून द्यावी लागतात. म्हणजे वाचता येणाऱ्याचं काम हलकं होतं, न येणाऱ्याचं नाही.

विजापूरचं फारसी हवं असणाऱ्यांनी डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयाचं दालन उघडावं. १५७० मधला विजापूरचा सचित्र ‘नुजूम-उल-उलूम’ तिथे आहे. आणि पारशी धर्मग्रंथांच्या अवेस्ता-पहलवी पोथ्यांसाठी परदेशी दालनांत शिरण्याआधी मुंबईची कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आणि नवसारीची मेहरजी राणा लायब्ररी यांच्याकडे विचारणा करावी. मुंबईला सोलापूरहून रात्रीची गाडी आहे. जाण्याआधी पत्र किंवा ईमेल पाठवून पोथीचा क्रमांक कळवावा, कारण दुर्मिळ पोथी आयत्या वेळी मागून मिळेलच असं नाही.